एकच बिल्टी दोन डेस्कवर उघडी: नंतर सेव्ह करणारा आधीच्याचे बदल पुसतो, व्हर्जन नेमकं कुठे तपासायचं?

तुर्भे_डिस्पॅच

ट्रान्सपोर्टचं बुकिंग सॉफ्टवेअर. लारावेल (पीएचपीचं फ्रेमवर्क), मायएसक्यूएल ८ डेटाबेस, इनोडीबी टेबलं. बिल्टीचा (मालासोबत जाणाऱ्या वाहतूक पावतीचा) एडिट फॉर्म एकच आणि त्यात चाळीसेक फील्ड: पार्टी, माल, नग, वजन, गाडी नंबर, ड्रायव्हर, मोबाइल, भाडं, ॲडव्हान्स, बाकी, हमाली, ई-वे बिल नंबर, शेरा. तुर्भ्याचं डेस्क भाडं आणि ॲडव्हान्स भरतं, भिवंडीच्या गोदामातलं डेस्क गाडी आणि ड्रायव्हर भरतं. दोघांचं काम त्याच बिल्ट्यांवर, दिवसभर.

घडतं असं. ११:०० ला तुर्भ्याने बिल्टी उघडली, तेव्हा गाडी एमएच ०४ ची होती. ११:१० ला भिवंडीने गाडी बदलून एमएच ४३ ची टाकली आणि सेव्ह केलं. ११:२५ ला तुर्भ्याने फक्त ॲडव्हान्स टाकून सेव्ह केलं, की गाडी परत एमएच ०४ ची. एरर कुठेच नाही. ई-वे बिलाच्या भाग-ब मध्ये (गाडीचा तपशील असतो तो) नवी गाडी, बिल्टीवर जुनी. रस्त्यात कागद तपासले की गाडी उभी.

कंट्रोलर साधाच आहे: फाइंड, फिल, सेव्ह (ओळ आणायची, फॉर्ममधलं भरायचं, लिहायची). प्रश्न असे:

इलोक्वंट (लारावेलचा डेटाबेसशी बोलणारा भाग) फक्त बदललेली फील्डं लिहितं म्हणतात, मग तुर्भ्याने हातही न लावलेला गाडी नंबर लिहिला कसा गेला? अपडेटेड_ॲट (शेवटच्या बदलाची वेळ) कॉलम आहेच, तोच तपासला तर चालेल का? बिल्टीला दोन पोट-टेबलं आहेत, मालाच्या ओळी आणि खर्चाच्या ओळी, त्यांचं काय? आणि हिशेबाच्या बाजूचं एक जुनं डेस्कटॉप सॉफ्टवेअर थेट डेटाबेसमध्ये लिहितं. त्याचा सोर्स हाताशी नाही, त्यामुळे ते आहे तसंच राहणार.

ऐरोली_बॅकएंड

पहिला प्रश्न आधी, कारण घोळ तिथेच आहे. इलोक्वंट कशाला 'बदललेलं' म्हणतं? पोस्ट रिक्वेस्टमध्ये फाइंड केलेली ओळ आणि तिच्यावर फिल केलेली मूल्यं यांत जो फरक दिसेल त्याला. ११:०० ला स्क्रीनवर काय होतं याचा त्याला पत्ता नसतो. ११:२५ च्या फाइंडने ४३ ची गाडी आणली, फॉर्ममधून ०४ ची आली (हात न लावलेली फील्डंही ब्राउझर पाठवतोच), फरक दिसला, लिहून टाकला. त्याच्या लेखी तुर्भ्याने मुद्दाम गाडी बदलली.

म्हणजे फॉर्म उघडताना ओळ कुठल्या अवस्थेत होती हे फॉर्मसोबत परत यायला हवं. त्यालाच ऑप्टिमिस्टिक लॉकिंग म्हणतात. कुंग आणि रॉबिन्सन यांनी १९८१ मध्ये हे डेटाबेसच्या ट्रान्झॅक्शनसाठी (सगळं एकत्र होतं किंवा काहीच होत नाही असं काम) मांडलं: कुणालाही अडवायचं नाही, लिहायच्या क्षणी मात्र तपासायचं. वेब फॉर्मला ही पद्धत बरोबर बसते, कारण उघडणं आणि सेव्ह करणं यांच्यामध्ये पंधरा-वीस मिनिटं सहज जातात आणि तेवढा वेळ डेटाबेसचं लॉक धरून ठेवता येत नाही.

बिल्टी टेबलात व्हर्जन नावाचा कॉलम घाला. अनसाइन्ड इंटिजर, नॉट नल, डिफॉल्ट १. त्यावर इंडेक्स नको. ओळ प्रायमरी कीवरून सापडते, व्हर्जनची तुलना त्या एका ओळीवरच होते. एडिट फॉर्ममध्ये व्हर्जन हिडन फील्ड म्हणून ठेवा. सेव्हची क्वेरी अशी:

अपडेट बिल्टी
सेट गाडी_नंबर = ?, ॲडव्हान्स = ?, …, व्हर्जन = व्हर्जन + १
व्हेअर आयडी = ? अँड व्हर्जन = ?

शेवटचं प्रश्नचिन्ह म्हणजे फॉर्ममधून आलेलं व्हर्जन. किती ओळी बदलल्या ते बघा. १ आली तर झालं. ० आली तर मध्ये कुणीतरी लिहून गेलंय, किंवा बिल्टीच डिलीट झालीय. आयडीवर परत सिलेक्ट मारून या दोन्हींतला फरक करा, दोन्हींचे संदेश वेगळे हवेत. डिलीटच्या बटणालाही हाच व्हेअर लावा. ते बहुतेक ठिकाणी राहून जातं आणि मग कुणी नुकतीच दुरुस्त केलेली बिल्टी दुसरा जुन्या स्क्रीनवरून उडवतो.

पीएचपीमध्ये 'इफ व्हर्जन वेगळं तर एरर, नाहीतर सेव्ह' असं लिहून भागत नाही. सेव्हच्या व्हेअरमध्ये फक्त आयडी असतो. दोन रिक्वेस्ट एकदम आल्या तर दोघींचाही इफ पास होतो आणि दोघीही लिहितात. तपासणी आणि लेखन एकाच अपडेटमध्ये असेल तर दुसरं अपडेट पहिल्याच्या रो-लॉकवर थांबतं, पहिला कमिट झाला की ताजी ओळ बघतं, व्हर्जन जुळत नाही आणि ० ओळी परत येतात.

लारावेलमधल्या दोन गोष्टी. बिल्डरवरून केलेलं व्हेअर-अपडेट मॉडेलचे इव्हेंट उडवत नाही. ऑडिट लॉग ऑब्झर्व्हरवर (त्या इव्हेंटवर चालणाऱ्या कोडवर) टांगलेला असेल तर तो गुपचूप बंद पडेल, तेव्हा लॉगची ओळ त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये हाताने घाला. दुसरं म्हणजे पीडीओ (पीएचपीचा डेटाबेस-जोड) मायएसक्यूएलवर जुळलेल्या नव्हे, प्रत्यक्ष बदललेल्या ओळींची संख्या देतं. व्हर्जन + १ दरवेळी बदलत असल्यामुळे इथे त्रास नाही. पण कुणी 'काहीच बदललं नसेल तर व्हर्जन कशाला वाढवायचं' म्हणून ती वाढ काढली, तर काही न बदलता केलेला सेव्हसुद्धा ० देईल आणि कॉन्फ्लिक्ट समजला जाईल.

घोडबंदरकर

अपडेटेड_ॲट नको. लारावेलच्या मायग्रेशनमध्ये टाइमस्टॅम्प्स लिहिलं की मायएसक्यूएलमध्ये सेकंदापर्यंतचीच वेळ साठते. एकाच सेकंदात झालेले दोन सेव्ह एकसारखे दिसतात. डेटटाइम(६) करून मायक्रोसेकंद मिळतात, पण मग ती किंमत (फील्डातलं मूल्य) जावास्क्रिप्टच्या डेट ऑब्जेक्टमधून फिरून आली की मिलिसेकंदावर कापली जाते आणि प्रत्येक सेव्ह कॉन्फ्लिक्ट ठरतो. त्यात ॲपचे दोन सर्व्हर असले की दोघांच्या घड्याळांचा फरक आलाच. पूर्णांक वाढवत नेण्यात यातलं काहीच नाही.

'सगळ्या जुन्या किमती व्हेअरमध्ये घाला, कॉलमच नको' असाही सल्ला कुणी देईल. चालतं, पण रिकामी फील्डं गोत्यात आणतात. शेरा = नल ही तुलना कधीच खरी होत नाही. मायएसक्यूएलमध्ये <=> वापरावं लागतं, पोस्टग्रेसमध्ये इज नॉट डिस्टिंक्ट फ्रॉम. चाळीस फील्डांना हे कोण करणार!

आता पोट-टेबलं. मालाच्या ओळींना वेगळं व्हर्जन देऊ नका. बिल्टी आणि तिच्या ओळी मिळून एक कागद आहे, व्हर्जन कागदाला एकच. मालाची फक्त एक ओळ बदलली तरी बिल्टीचं व्हर्जन वाढलंच पाहिजे. क्रम महत्त्वाचा: ट्रान्झॅक्शन सुरू, आधी बिल्टीचं व्हर्जनवालं अपडेट, ० आलं तर तिथेच रोलबॅक, १ आलं तरच ओळींना हात. उलट क्रमाने केलं तर दोन रिक्वेस्ट एकमेकींच्या ओळी अडवून डेडलॉकमध्ये जाऊ शकतात. बऱ्याच फॉर्ममध्ये 'जुन्या सगळ्या ओळी डिलीट, नव्या इन्सर्ट' असा शॉर्टकट असतो. तिथे व्हर्जन तपासलं नाही तर एखादं फील्ड नव्हे, दुसऱ्याने भरलेला अख्खा माल जातो.

जुन्या डेस्कटॉप सॉफ्टवेअरसाठी ट्रिगर (दर अपडेटला डेटाबेस स्वतः चालवतो तो कोड):

बिफोर अपडेट ऑन बिल्टी फॉर ईच रो
सेट न्यू.व्हर्जन = ओल्ड.व्हर्जन + १

ओल्डवरून मोजा, न्यूवरून नाही. मग वेब ॲपने स्वतः + १ केलेलं असलं तरी वाढ एकानेच होते. याने एकच बाजू सांभाळली जाते हे मात्र लक्षात ठेवा. डेस्कटॉपने केलेला बदल वेब फॉर्मला कळेल, पण डेस्कटॉप स्वतः आंधळेपणाने लिहितं ते थांबणार नाही. ते कोणते कॉलम लिहितं हे जनरल लॉग (मायएसक्यूएलची प्रत्येक क्वेरीची नोंद) थोडा वेळ चालू करून बघा. हिशेबाचे तीन-चारच कॉलम असतील तर ते वेगळ्या टेबलात न्या आणि जुन्या नावाने व्ह्यू ठेवा.

अजून एक. त्याच ओळीत जीपीएसचं शेवटचं ठिकाण किंवा 'ट्रिप स्टेटस' असलं काही दर मिनिटाला अपडेट होत असेल तर आत्ताच बाहेर काढा. नाहीतर गाडी शिळफाट्याला अडकून पडलेली असताना व्हर्जन मिनिटागणिक वाढत राहील आणि डेस्कवर प्रत्येक सेव्हला कॉन्फ्लिक्ट. माणसाने न पाहिलेल्या फील्डवरून माणसाला अडवायचं नसतं.

कळवा_सिसॲडमिन

एवढं सगळं कशाला? बिल्टी उघडली की लॉक टेबलात नाव टाका, दुसऱ्याला 'अमुक एडिट करत आहे' दाखवा आणि सेव्ह बटण बंद. ऑपरेटरला पटकन समजतं. व्हर्जनचे आकडे त्याला काय कळणार?

ऐरोली_बॅकएंड

आकडे त्याला दाखवायचेच नसतात. आणि तुम्ही म्हणता तो लॉक सूचना म्हणून उत्तम, संरक्षण म्हणून नाही. ऑपरेटर टॅब उघडा टाकून ठाणे लोकल पकडायला निघतो, बिल्टी अडकते. मग तुम्ही मुदत घालता. मुदत संपते, दुसरा उघडून सेव्ह करतो, पहिला सकाळी येऊन त्याच टॅबमध्ये सेव्ह दाबतो. व्हर्जन नसेल तर परत पुसापुशी.

वर्डप्रेस नेमकं हे करतं. पोस्ट उघडी असताना ब्राउझर थोड्याथोड्या वेळाने हार्टबीट पाठवतो आणि शेवटच्या नोंदीला १५० सेकंद उलटले की लॉक जुनं समजलं जातं. 'टेक ओव्हर' बटणही असतं, कारण लॉक कधीतरी चुकीचं अडून बसणार हे गृहीतच धरलेलं आहे. उलट मीडियाविकी कुणालाच अडवत नाही. सेव्हच्या वेळी मूळ आवृत्ती, मधली आवृत्ती आणि तुमची, तिन्ही घेऊन जोडायचा प्रयत्न करतं, जमलं नाही तरच एडिट कॉन्फ्लिक्टचं पान दाखवतं.

दोन्ही लावा. वर नावाची पट्टी, 'भिवंडी डेस्कवर ही बिल्टी उघडी आहे', आणि खाली व्हर्जनची तपासणी. फक्त पट्टीच्या भरवशावर सेव्ह बटण बंद करू नका. सिलेक्ट फॉर अपडेट करून ट्रान्झॅक्शन उघडं ठेवणं तर फॉर्मसाठी विषयच नाही. पीएचपीची रिक्वेस्ट संपली की कनेक्शन सुटतं आणि लॉकही सुटतं.

तुर्भे_डिस्पॅच

व्हर्जन कॉलम, व्हेअर, ट्रिगर लागलं. स्टेजिंगवर तीन लक्षणं दिसतायत.

१. कॉन्फ्लिक्ट आला की बॅक-विथ-इनपुट (भरलेलं तसंच ठेवून मागे पाठवणं) करून त्याच फॉर्मवर एरर दाखवतो. मग कितीही वेळा सेव्ह दाबा, कॉन्फ्लिक्टच.

२. 'आता डेटाबेसमध्ये काय आहे' म्हणून दाखवलेली किंमत कधी कधी जुनीच असते. भिवंडीने बदललेला नंबर दिसत नाही.

३. भिवंडीचं नेट कमजोर आहे, तिथे सेव्ह दोनदा दाबलं जातं. दुसऱ्या क्लिकला 'दुसऱ्या कुणीतरी ही बिल्टी बदलली आहे' आणि खाली नाव त्याचंच!

घोडबंदरकर

१. हिडन फील्डमध्ये ओल्ड('व्हर्जन', $बिल्टी->व्हर्जन) लिहिलंय ना? बॅक-विथ-इनपुट जुनं व्हर्जन सेशनमध्ये ठेवतं, ओल्ड तेच परत फॉर्ममध्ये घालतं. म्हणून चक्र संपत नाही. पण घाईने ओल्ड काढून थेट $बिल्टी->व्हर्जन लिहू नका! ते याहून वाईट. मग होतं काय: ऑपरेटर मोबाइल नंबर नऊ आकडी टाकतो, व्हॅलिडेशन अडतं, रिडायरेक्ट होतो, नव्या गेटमध्ये ताजं व्हर्जन येतं, बाकी सगळ्या फील्डांत मात्र ओल्डमुळे त्याच्याच जुन्या किमती. दुसऱ्या सेव्हला व्हर्जन जुळतं, भिवंडीची गाडी पुसली जाते आणि तुम्ही लावलेली तपासणी हिरवा दिवाच दाखवते. हा प्रकार टेस्टिंगमध्ये सापडत नाही, कारण दोन टॅब घेऊन बघणारा माणूस मध्ये मुद्दाम चुकीचा मोबाइल नंबर टाकत नाही.

नियम असा: व्हॅलिडेशन अडलं तर व्हर्जन जुनंच राहील. कॉन्फ्लिक्ट आला तर वेगळा व्ह्यू थेट रेंडर करा, स्टेटस ४०९ (कॉन्फ्लिक्ट), रिडायरेक्ट नाही. त्या पानावर फरक दाखवलेला असेल आणि तिथेच हिडनमध्ये नवं व्हर्जन असेल. समोरच्याने काय बदललं हे माणसाच्या डोळ्यांसमोर आल्यावरच नवं व्हर्जन त्याच्या हाती द्यायचं.

२. मायएसक्यूएलची डिफॉल्ट आयसोलेशन रिपीटेबल रीड आहे, म्हणजे एका ट्रान्झॅक्शनमध्ये वाचलेलं शेवटपर्यंत तसंच दिसतं. ट्रान्झॅक्शनमध्ये आधी कुठलंही साधं सिलेक्ट झालं असेल तर स्नॅपशॉट तेव्हाचा ठरतो. अपडेट मात्र ताजी कमिट झालेली ओळ बघतं, म्हणून ० देतं. त्यानंतर त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये साधं सिलेक्ट केलं की परत जुना स्नॅपशॉट. रोलबॅक करून बाहेर वाचा. रीड रेप्लिका (वाचनासाठीची डेटाबेसची प्रत) असेल तर हे वाचन प्रायमरीवरूनच. तोच नियम एडिट फॉर्म उघडण्यालाही लावा, मागे राहिलेल्या रेप्लिकावरून उघडलेला फॉर्म जन्मतःच जुना असतो.

पोस्टग्रेसवाल्यांसाठी: तिथे रिपीटेबल रीडमध्ये ओळ स्नॅपशॉटनंतर बदललेली असेल तर ० ओळी येत नाहीत, थेट ४०००१ एरर येतो. तोही कॉन्फ्लिक्ट म्हणूनच पकडावा. डिफॉल्ट रीड कमिटेडमध्ये ० येतात.

३. सबमिट झाला की बटण बंद करा, ते झालंच. पण नेट तुटून ब्राउझरने परत पाठवलं तर बटणाचा उपयोग नाही. कॉन्फ्लिक्टच्या जागी आधी एवढं बघा: शेवटचा बदल याच वापरकर्त्याचा आहे का, आणि डेटाबेसमधल्या किमती आत्ता आलेल्या फॉर्मशी तंतोतंत जुळतात का? दोन्ही हो, तर 'सेव्ह झालं' दाखवून मोकळे व्हा. तुलनेआधी रिकामी स्ट्रिंग आणि नल एक करा, ५००० आणि ५०००.०० एक करा, नाहीतर कधीच जुळणार नाही.

आणि हे आजच तपासा: ड्रायव्हरला एसएमएस आणि ई-वे बिलाची एपीआय कॉल कुठून जाते? अपडेटच्या आधी जात असेल तर कॉन्फ्लिक्टमध्ये हरलेली रिक्वेस्टसुद्धा चुकीच्या गाडीचा मेसेज पाठवून बसते. हे सगळं कमिटनंतर. लारावेलमध्ये जॉबला आफ्टर-कमिट लावता येतं.

वागळे_जावा

लारावेलचा नाही, पण स्प्रिंग बूट आणि हायबरनेटवाले हा धागा वाचतील म्हणून. ॲट-व्हर्जन (व्हर्जन कॉलमची खूण) लावलं की झालं असं समजून अनेक जण फसतात. पोस्टमध्ये फाइंड-बाय-आयडी करायचं, डीटीओमधली (फॉर्ममधून आलेल्या डेटाच्या ऑब्जेक्टमधली) फील्डं सेट करायची, त्यात सेट-व्हर्जनही करायचं, हा नेहमीचा कोड. हायबरनेट मॅनेज्ड एंटिटीवर हाताने सेट केलेलं व्हर्जन जुमानत नाही. व्हेअरमध्ये जातं ते आत्ता लोड झालेलं. म्हणजे दोन रिक्वेस्ट मिलिसेकंदांच्या फरकाने आपटल्या तरच अपवाद येणार, वीस मिनिटं जुना फॉर्म बिनबोभाट सेव्ह होणार. लोड केल्यावर डीटीओच्या व्हर्जनशी स्वतः तुलना करा आणि वेगळं असेल तर अपवाद फेका. फाइंड ते कमिटमधली फट ॲट-व्हर्जन सांभाळतं, म्हणून इथे ही इफवाली तुलना चालते.

डॉटनेटच्या ईएफ कोअरमध्ये तीच गोष्ट: रो-व्हर्जनची करंट नव्हे, ओरिजिनल व्हॅल्यू फॉर्ममधून सेट करायची. रेल्समध्ये लॉक_व्हर्जन कॉलम असला तरी फॉर्ममध्ये हिडन फील्ड स्वतः टाकावं लागतं. फ्रेमवर्क कुठलंही घ्या, फॉर्म ते सेव्ह हा प्रवास तुमचा तुम्हालाच जोडायचा असतो.

जेपीक्यूएलचे (जावातली क्वेरी भाषा) बल्क अपडेट व्हर्जन वाढवत नाहीत, तिथे हाताने वाढवा. पोट-ओळींसाठी ऑप्टिमिस्टिक फोर्स इन्क्रिमेंट.

सानपाडा_यूआय

सगळं डेटाबेसचं चाललंय, पण माणसाला काय दिसतं त्यावर ही गोष्ट टिकते किंवा कंटाळून बंद करायला लावतात. 'रेकॉर्ड बदललेला आहे, कृपया रीफ्रेश करा' हा संदेश म्हणजे ऑपरेटरचं दहा मिनिटांचं टायपिंग कचऱ्यात. दोनदा असं झालं की तो फोन करून म्हणणार, ते तुमचं काढून टाका.

कॉन्फ्लिक्टच्या पानावर तीन स्तंभ द्या: 'तुम्ही उघडली तेव्हा', 'आत्ता', 'तुम्ही भरलेलं'. चाळीस फील्डं दाखवू नका, ज्यात फरक आहे तीच. वर एक ओळ: 'तुम्ही ही बिल्टी ११:०० ला उघडली. ११:१० ला भिवंडी डेस्कने गाडी नंबर आणि ड्रायव्हर बदलला.' पहिल्या स्तंभासाठी मूळ किमती लागतात. त्या फॉर्मसोबत जेसन करून पाठवा, किंवा बिल्टीचा इतिहास टेबलात व्हर्जननिहाय ठेवा. मला इतिहास टेबल बरं वाटतं, नंतर 'कुणी बदललं' या भांडणातही कामाला येतं.

मूळ किमती हातात आल्या की अर्धे कॉन्फ्लिक्ट माणसापर्यंत न्यायची गरजच उरत नाही. तुर्भ्याने फक्त ॲडव्हान्स बदलला, भिवंडीने फक्त गाडी. एकमेकांच्या वाटेला गेलेच नाहीत, आपोआप जोडा आणि 'भिवंडीने मधल्या वेळेत गाडी बदलली आहे' एवढी सूचना द्या. जोडलेलं लिहितानाही नव्या व्हर्जनवर व्हेअर हवाच, त्या क्षणी तिसरा कुणी आला असू शकतो.

मात्र फील्ड-फील्ड सुटं करून जोडू नका, गट करा. गाडी नंबर, ड्रायव्हर, मोबाइल हा एक गट. भाडं, ॲडव्हान्स, बाकी दुसरा. नग, वजन, दर तिसरा. एकाने वजन बदललं, दुसऱ्याने दर बदलला, दोन्ही फील्डं वेगळी म्हणून जोडली, तर असं भाडं तयार होतं जे दोघांपैकी कुणीच पाहिलेलं नाही. गटात दोघांचाही हात लागला असेल तर माणसालाच विचारायचं.

बटणांवर 'ओके' आणि 'कॅन्सल' नको. 'भिवंडीची गाडी ठेवा' आणि 'माझी गाडी टाका', असं स्पष्ट. काही न निवडता पुढे जाता येऊ नये. 'सगळं माझंच ठेवा' हे एक मोठं बटण देऊ नका. ते दिलं की सगळे तेच दाबतात आणि तुम्ही परत पहिल्या दिवसावर.

कळवा_सिसॲडमिन

गटच करायचे तर फॉर्मच का तोडत नाही? गाडीचा वेगळा, पैशाचा वेगळा.

सानपाडा_यूआय

बरोबर, आणि जमत असेल तर तेच पहिलं करा. भिवंडीला भाड्याची फील्डं दिसायचीही गरज नाही. प्रत्येक भागाला स्वतःचं सेव्ह आणि स्वतःचं व्हर्जन दिलं की हे दोन डेस्क एकमेकांना आडवेच येणार नाहीत. मग कॉन्फ्लिक्टचं पान क्वचित उघडतं आणि तेव्हा खरंच दोघांनी एकाच गोष्टीला हात घातलेला असतो.

घोडबंदरकर

तोडताय तर ॲडव्हान्सही एक आकडा म्हणून ओव्हरराइट करणं बंद करा. प्रत्येक रकमेची वेगळी ओळ घाला आणि बेरीज काढा. दोघांनी दोन रकमा टाकल्या तर दोन्ही राहतात, व्हर्जनचा प्रश्नच येत नाही. गोदामातल्या नगांचंही तसंच: शिल्लक = शिल्लक - ५ व्हेअर आयडी = ? अँड शिल्लक >= ५. फॉर्ममधून 'नवी शिल्लक ९५' असा आकडा येऊच देऊ नका. असल्या वजाबाकीत डेडलॉक आला तर आपोआप रीट्राय चालतो. फॉर्मच्या कॉन्फ्लिक्टला मात्र ताजं व्हर्जन घेऊन रीट्राय कधीच नको, तो पुसापुशीचाच लांबचा रस्ता आहे.

तुर्भे_डिस्पॅच

फॉर्म गाडी, पैसे आणि माल असा तीन भागांत तोडतोय. ड्रायव्हरच्या मोबाइल ॲपसाठी एपीआय आहे, तिथे ईटॅग (सर्व्हरने दिलेली आवृत्तीची खूण) आणि इफ-मॅच (ती खूण परत पाठवणारं हेडर) वापरायचा विचार आहे. पुढे एनजिनएक्स वेब सर्व्हर आहे. काही अडचण?

ऐरोली_बॅकएंड

एक आहे आणि ती हमखास लागते. इफ-मॅचची तुलना स्ट्राँग (तंतोतंत) असते. एनजिनएक्समध्ये जीझिप (कॉम्प्रेशन) चालू असेल तर तो तुमच्या ईटॅगला पुढे डब्ल्यू-स्लॅश लावून वीक करतो. ॲप तोच परत पाठवतं आणि नियमाप्रमाणे वीक टॅग कशाशीच जुळत नाही, म्हणजे दर वेळी ४१२ (अट जुळली नाही). अपाचेचं डिफ्लेट टॅगच्या शेवटी जीझिप जोडतं, परिणाम तोच. त्या रूटपुरतं जीझिप बंद करा, बिल्टीचा जेसन असतो केवढा. किंवा व्हर्जन सरळ जेसनमध्ये घ्या, व्हेअर तर शेवटी तोच आहे.

इफ-मॅच न पाठवणाऱ्याला सोडू नका, ४२८ (अट पाठवणं सक्तीचं) द्या. हा कोड २०१२ मध्ये याच कामासाठी आला. नाहीतर फोनमधली ॲपची जुनी आवृत्ती हेडरशिवाय लिहीत राहील.

टेस्ट अशी करा. एक खिडकी साधी, एक इन्कॉग्निटो, दोन वेगळी लॉगिन. दोन्हीत तीच बिल्टी उघडा. पहिलीत गाडी बदलून सेव्ह. दुसरीत आधी चुकीचा मोबाइल टाकून व्हॅलिडेशन अडवा, मग दुरुस्त करून त्याच गाडीच्या भागात सेव्ह करा: कॉन्फ्लिक्ट यायलाच हवा. मग पहिलीत बॅक बटण दाबून जुन्या फॉर्ममध्ये तिसरीच गाडी टाकून परत सबमिट करा: तिथेही कॉन्फ्लिक्ट. सेव्ह एजॅक्सने होत असेल आणि नवं व्हर्जन जावास्क्रिप्टने हिडनमध्ये घालत असाल तर फायरफॉक्समध्ये पान रीलोड करून बघा. तो फील्डातली किंमत स्वतःकडची ठेवतो आणि सर्व्हरने पाठवलेलं ताजं व्हर्जन बाजूला राहतं. हिडनवर ऑटोकम्प्लीट ऑफ लावा. शेवटी डेस्कटॉप सॉफ्टवेअरमधून हिशेब बदला आणि आधी उघडून ठेवलेला वेबचा पैशाचा भाग सेव्ह करा. तीन व्हर्जन झाल्यावर ट्रिगरही तीन भागांत तोडायला हवा, प्रत्येक भागाचे कॉलम <=> ने तपासून. तो जुनाच राहिला असेल तर इथे लगेच कळेल.